नवा कोच, घसरलेला रिक्रूटिंग क्लास आणि पोर्टल: चाहत्याने नेमकं बघायचं काय?

चौथा_डाउन

आमची टीम अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या बिग टेन कॉन्फरन्समधली (विद्यापीठांच्या गटातली) आहे. नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापर्यंत धागा भांडणावर जाईल. हंगाम अर्ध्यावर असताना हेड कोचला नारळ दिला. नवा कोच डिसेंबरच्या सायनिंगच्या (हायस्कूलची पोरं कॉलेजशी सही करतात त्या दिवसाच्या) तोंडावर आला. तोवर ज्या पोरांनी शब्द दिला होता त्यातली निम्मी दुसरीकडे वळली आणि आमचा क्लास (यंदाच्या हायस्कूल भरतीची तुकडी) क्रमवारीत विशीतून थेट पन्नाशीपलीकडे गेला. आता नवे साहेब आपल्या जुन्या कॉलेजातली डझनभर पोरं पोर्टलमधून (कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) घेऊन येतायत.

चाहत्यांत सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, हायस्कूलचा क्लास गेला म्हणजे पुढची चार वर्षं गेली. दुसरा म्हणतो, पोर्टल असताना हायस्कूलची पोरं हवीत कोणाला? दोघंही आकडे फेकतात, पण आकडा येतो कुठून ते कोणी सांगत नाही. तेव्हा जाणकारांना तीन प्रश्न:

१. क्लासच्या क्रमांकाला किती किंमत द्यायची?
२. नुसत्या पोर्टलवर टीम उभी राहते का?
३. कोच कामाचा आहे की नाही, हे पहिल्या वर्षी जिंक-हार सोडून कशावरून ओळखायचं?

"थोडा वेळ द्या" हे उत्तर सोडून काहीही चालेल.

---

लाइनमन७७

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

२४७स्पोर्ट्स ही रिक्रूटिंगची साइट पोरांना स्वतःचे गुण देते तेव्हा ९८ च्या पुढे पाच स्टार, ९० ते ९७ चार आणि ८० ते ८९ तीन. पाच स्टारवाली पोरं वर्षाला ३२ च्या आसपास ठेवतात, कारण एनएफएल (व्यावसायिक लीग) ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात आणि पाच स्टार देणारा तोच अंदाज बांधत असतो. चार आणि पाच स्टार मिळून साधारण साडेतीनशे-चारशे पोरं होतात. २०२५ मध्ये एफबीएसच्या (कॉलेज फुटबॉलच्या वरच्या स्तराच्या) टीम होत्या १३६. म्हणजे बहुतेक टीमच्या क्लासमध्ये बहुतेक पोरं तीन स्टारचीच असणार. आणि तीन स्टारचा कप्पा इतका मोठा आहे की ८९ आणि ८१ या दोघांना एकाच नावाने हाक मारणं म्हणजे धूळफेक आहे. स्टार मोजू नका, गुण बघा.

आता टीमचा क्रमांक. क्लासमधल्या सगळ्यात भारी पोराचे गुण पूर्ण धरतात, दुसऱ्याचे जरा कमी, तिसऱ्याचे आणखी कमी. असं करत विसाव्या-बाविसाव्या पोराचा वाटा जवळपास नगण्य होतो. तरीही १४ जणांचा क्लास २५ जणांच्या क्लासपुढे क्रमवारीत मार खातोच. कोच बदलला की क्लास आकाराने लहान होतो आणि क्रमांक धाडकन पडतो. त्यामुळे तुम्ही पन्नाशीत गेलात यात पोरं किती कमी झाली आणि दर्जा किती घसरला, हे वेगळं करा. सोपा मार्ग: प्रति खेळाडू सरासरी गुण. तो आकडा त्याच पानावर असतो, लोक बघत नाहीत. सरासरी टिकून असेल तर भोक फक्त संख्येचं आहे आणि ते पोर्टलने बुजतं. सरासरी पण पडली असेल तर मात्र काळजी करा.

'ब्लू-चिप रेशो' ऐकलं असेलच. गेल्या चार क्लासमधली निम्म्याहून जास्त पोरं चार-पाच स्टारची असतील तरच टीम राष्ट्रीय विजेती होते, असा हा पत्रकार बड एलियटचा ठोकताळा. पोर्टलमधून आलेले यात धरत नाहीत. वर्षानुवर्षं तो खरा ठरत आला: अलाबामा, क्लेमसन, जॉर्जिया, मिशिगन, ओहायो स्टेट, सगळे त्यात बसणारे. मग २०२५ च्या हंगामात इंडियानाने १६-० (१६ विजय, शून्य पराभव) करून तो मोडला. त्यावर पुढे कोणीतरी लिहीलच.

ठोकताळ्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. चांगली भरती पुरेशी नसते. टेक्सस ए अँड एमचा २०२२ चा क्लास २४७स्पोर्ट्सच्या नोंदीत त्याआधीच्या कुठल्याही क्लासपेक्षा जास्त गुणांचा होता. त्याच वर्षी टीम ५-७. पुढच्या नोव्हेंबरात कोच जिम्बो फिशरना घरी पाठवलं. त्या क्लासमधला वॉल्टर नोलन ओल मिसला गेला, एव्हन स्ट्युअर्ट ओरेगनला, एलटी ओव्हरटन अलाबामाला. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये नोलन सोळावा आणि ए अँड एममध्येच राहिलेला शमार स्ट्युअर्ट सतरावा गेला. म्हणजे स्टार देणाऱ्यांची नजर चुकली नव्हती. पोरं खरोखर त्या दर्जाची होती, फक्त ती एकत्र राहिली नाहीत आणि त्यांच्याभोवती टीम उभी राहिली नाही.

त्यामुळे क्लास वाचताना मी क्रमांक शेवटी बघतो. आधी हे:

ओ-लाइनची (चेंडू फेकणाऱ्याला वाचवणाऱ्या पुढच्या फळीची) किती पोरं घेतली? वर्षाला चारपेक्षा कमी असतील तर दोन वर्षांनी बोंब होणार. पाच जण सुरुवात करतात, सामन्याला आठ-नऊ तयार लागतात, हायस्कूलचं पोरगं ताकदीत यायला दोन-तीन वर्षं जातात आणि मधल्या काळात काही जण सोडून जातात. हा हिशोब कुठल्याच स्टारने बदलत नाही.

मोजमाप कोणी घेतलंय? शाळेच्या यादीतली उंची-वजनं फुगवलेली असतात, कॅम्पमध्ये मोजलेली धरा. टॅकलसाठी (या फळीतला टोकाचा) उंचीपेक्षा हाताची लांबी बघा. ३३ इंचांच्या आत असेल तर पोरगं पुढे गार्ड (आतल्या बाजूचा) होण्याची शक्यता जास्त. वेगाचं तसंच. हातातल्या घड्याळावर ४.४ सेकंदांत ४० यार्ड म्हणजे इलेक्ट्रॉनिक घड्याळावर साधारण ४.६. रिसीव्हर (चेंडू झेलणारा) किंवा कॉर्नरने (त्याला रोखणारा) शाळेच्या ट्रॅक स्पर्धेत १०० मीटर १०.८ च्या आत, वारा नियमात धरून, पळून दाखवले असतील तर तो वेग खरा. लाइनमनसाठी गोळाफेक आणि कुस्ती.

आणि ऑफर कोणाच्या होत्या? त्यातही खरी ऑफर आणि नुसती ऑफर यात फरक आहे. वीस ऑफर असलेलं पोरगं जूनमध्ये अधिकृत भेटीला कुठे कुठे गेलं, ते बघा. ज्या कॉलेजने ४८ तासांची भेट स्वतःच्या खर्चाने दिली, त्यांनाच तो हवा होता. बाकीच्यांनी नुसती आशा लावून ठेवलेली असते.

---

पोर्टलपुराण

लाइनमनरावांशी सहमत, पण ब्लू-चिपचा विषय त्यांनी सोडलाय तिथून उचलतो.

इंडियानाचं उदाहरण आता जो तो देतो आणि बहुतेक जण चुकीचं देतात. "पोर्टलमधून टीम आणली आणि जिंकले" असं ते नाही. २०२३ ला इंडियाना ३-९. कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठाहून आले ते आपले दोन्ही कोऑर्डिनेटर (आक्रमण आणि बचाव सांभाळणारे कोच), माइक शॅनहन आणि ब्रायंट हेन्स, आणि १३ खेळाडू घेऊन. एडन फिशर, डी'अँजेलो पाँड्स, एलायजा सॅरॅट, मिकेल कमारा हे सगळे तिथले. पहिल्याच वर्षी ११-२, दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात मायामीला २७-२१ हरवून विजेते. हे खेळाडू नवीन नव्हते, फक्त गणवेश नवीन होता. प्लेबुक तीच, कोच तेच, शब्दावली तीच. इतर टीम पहिल्या वसंतातल्या सरावात जे शिकवत होत्या ते यांना आधीपासून येत होतं. बाहेरून आणलेल्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा म्होरक्या), आधी ओहायो विद्यापीठाचा कर्टिस रॉर्क आणि नंतर कॅलचा फर्नांडो मेंडोसा, तयार यंत्रणा मिळाली. मेंडोसाने हायस्कूलमध्ये आधी येलला शब्द दिला होता आणि २०२५ चं हाइझमन (वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) त्यालाच मिळालं. तेव्हा स्टारवर फार विसंबू नका.

सिग्नेटी कोणाच्या हाताखाली तयार झाले? २००७ ते २०१० अलाबामात निक सेबनच्या स्टाफवर रिसीव्हर कोच आणि रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर. पोरं निवडणं हीच त्यांची मूळ विद्या.

आता उलटं उदाहरण. फ्लोरिडा स्टेट २०२३ ला शेवटच्या बोल सामन्याआधी १३-० होते. जॅरेड व्हर्स, कीऑन कोलमन वगैरे पोर्टलचेच. ते गेल्यावर २०२४ साठी पुन्हा पोर्टलमधूनच भरती केली, क्वार्टरबॅक डीजे उइआंगलेलेईसकट. निकाल २-१०. दरवर्षी पहिली फळी विकत घ्यायची तर दरवर्षी निवड अचूक लागते. एक वर्ष चुकलं की खाली उभं राहायला कोणी नसतं, कारण मधल्या वर्षांचे हायस्कूल क्लास बारीक राहिलेले असतात.

कोलोराडोचंही बघा. कोच डिऑन सँडर्सनी २०२३ ला जवळजवळ अख्खा रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) बदलला: ४-८. मग ९-४, ट्रॅव्हिस हंटरचं हाइझमन. ही दोन पोरं, हंटर आणि क्वार्टरबॅक शेडूर, गेली की ३-९. पहिल्या वर्षी शेडूरला ५० हून जास्त वेळा सॅक केलं (चेंडू हातात असतानाच पाडलं) होतं. तेव्हाच कळायला हवं होतं की रिसीव्हर आणि कॉर्नर पोर्टलमध्ये मिळतात, ओ-लाइन सहजी मिळत नाही. चांगल्या टॅकलला कोणीही सोडत नाही. जो मिळतो तो बहुतेक वेळा दुखापतीतून आलेला, कोच बदलल्यामुळे निघालेला किंवा खालच्या कॉन्फरन्समधून वर येणारा.

तुमच्या कोचने आणलेल्या डझनभर पोरांची नावं काढा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: गेल्या हंगामात किती स्नॅप (डाव) खेळला, कॉलेजात खेळायची किती वर्षं बाकी आहेत, याच कोऑर्डिनेटरकडे खेळलाय का, आणि आधीचं कॉलेज का सोडलं. सहाशे स्नॅप, दोन वर्षं बाकी आणि तीच यंत्रणा असा असेल तर उत्तम. ८० स्नॅप, एक वर्ष बाकी आणि हायस्कूलला चार स्टार असा असेल तर ती जुन्या नावाची खरेदी आहे.

---

हेल_मेरी

थोडक्यात: "आपल्या जुन्या कॉलेजातली पोरं आणतोय" ही तक्रार नाही, पेढे वाटायची बातमी आहे. फक्त जुनं कॉलेज खालच्या पातळीचं असेल तर ओ-लाइन आणि डी-लाइनची (बचावाच्या पुढच्या फळीची) पोरं बिग टेनमध्ये वजनाने टिकतील का ते तेवढं बघा. कॉर्नर टिकतो. २७० पौंडांचा डिफेन्सिव्ह टॅकल नाही टिकत.

---

नियमावली

क्लास का फुटला ते कोणी सांगितलं नाही. दोष नव्या कोचचा नाही, कॅलेंडरचा आहे.

२०१७ पर्यंत सायनिंग फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी व्हायचं. त्या डिसेंबरात लवकर सायनिंग सुरू झालं आणि आता ते डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात असतं. २०२५ ला ३ डिसेंबर. नियमित हंगाम संपतो थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी. म्हणजे हंगामाअखेर कोच काढला तर नव्या माणसाला हातात चार-पाच दिवस. म्हणूनच अॅथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख) आता सप्टेंबर-ऑक्टोबरातच कोच काढतात. त्याचा उलटा परिणाम असा की पोरांना दुसरीकडे बोलणी करायला दोन महिने मिळतात.

पेन स्टेटचं उदाहरण अभ्यासासारखं आहे. कोच जेम्स फ्रँकलिनना १२ ऑक्टोबर २०२५ ला काढलं. नोव्हेंबरात त्यांना व्हर्जिनिया टेकने घेतलं. पेन स्टेटचा नवा माणूस, मॅट कॅम्पबेल, ठरला ५ डिसेंबरला, म्हणजे सायनिंगनंतर दोन दिवसांनी. ३ तारखेला पेन स्टेटकडे सह्या झाल्या फक्त दोन पोरांच्या. फ्रँकलिनच्या मागे पोरांचा मोठा गट व्हर्जिनिया टेकला गेला. मग कॅम्पबेलनी आयोवा स्टेटहून क्वार्टरबॅक रॉको बेक्टसकट आपली माणसं आणली. तुमचं चित्र याच साच्यातलं दिसतंय (तुम्ही पेन स्टेटवाले आहात असं मी म्हणत नाहीये).

ओळखायच्या तारखा:

शाळेच्या तिसऱ्या वर्षाच्या १ सप्टेंबरपासून कोच पोराला मेसेज करू शकतो. एप्रिल ते जूनअखेर अधिकृत भेटी. बहुतेक शब्द जून-जुलैतच दिले जातात. शेवटच्या वर्षाच्या १ ऑगस्टपासून महसूलवाटपाची (विद्यापीठाने खेळाडूला थेट पैसे देण्याची) लेखी ऑफर देता येते. डिसेंबरात सही. पूर्वीचं 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' २०२४ मध्ये बंद झालं, आता आर्थिक साहाय्याचा करारच बांधून ठेवतो.

पोर्टलची एप्रिलमधली खिडकी बंद झाली. आता एकच, २०२६ ला २ ते १६ जानेवारी. कोच बदलल्यास वेगळी १५ दिवसांची खिडकी, नवा कोच जाहीर झाल्यावर पाच दिवसांनी उघडणारी. हा बदल नव्या कोचच्या फायद्याचा आहे: पोरं निघून जायच्या आधी त्याला निदान पाच दिवस बोलायला मिळतात. जुन्या नियमात कोच गेल्या क्षणी दार उघडायचं आणि समजूत काढायलाही कोणी नसायचं.

बायआउटचंही (मुदतीआधी काढल्यास कोचला द्यायची रक्कम) जाता जाता. फिशरना ए अँड एमने ७.६ कोटी डॉलरच्या वर देणं लागत होतं, दुसरी नोकरी मिळाली तरी एक पैसा कमी नाही असा करार होता. फ्रँकलिनचं देणं ४.९ कोटींच्या आसपास सांगितलं जात होतं, ते दुसरी नोकरी लागल्यावर तडजोडीने ९० लाखांवर आलं. कोचच्या करारात "दुसरी नोकरी मिळाल्यास वजावट" हे कलम आहे की नाही, ही पहिली गोष्ट बघायची. तुमच्या नव्या कोचचा करार सार्वजनिक विद्यापीठाचा असेल तर मागून वाचता येतो.

---

चौथा_डाउन

नियमावलींनी साच्यातलं म्हणून जवळजवळ पकडलंच होतं. गप्प बसतो.

दोन उपप्रश्न. एक, १०५ चा रोस्टर आणि महसूलवाटप आल्यावर वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय आलेली) आणि राखीव पोरांचं काय? दोन, तिसऱ्या प्रश्नावर अजून कोणी बोललं नाही. कोच बघायचा कसा?

---

नियमावली

एकाचं उत्तर देतो. हाउस खटल्याची (खेळाडूंना थेट पैसे देण्याबाबतच्या) तडजोड ६ जून २०२५ ला मंजूर झाली, १ जुलैपासून लागू. पूर्वी ८५ स्कॉलरशिप असायच्या आणि वॉक-ऑन धरून रोस्टर १२० च्याही पुढे जायचा. आता स्कॉलरशिपला मर्यादा नाही, पण रोस्टर १०५. स्कॉलरशिप अर्धी-पाव अशी वाटूनही देता येते, जे फुटबॉलमध्ये आधी चालत नव्हतं. वॉक-ऑनची जागा आकसली. जी पोरं त्या बदलात बाहेर पडणार होती त्यांना सूट मिळाली, पण ती सूट त्यांच्यापुरतीच आहे. जॉर्जियाचा स्टेट्सन बेनेट वॉक-ऑन म्हणून आला आणि दोनदा विजेता क्वार्टरबॅक झाला. पुढचा बेनेट शोधायला कोचकडे आता जागा कमी आहे.

पैसा: पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला २.०५ कोटी डॉलरची मर्यादा, सगळ्या खेळांसाठी मिळून. नव्याने वाढवलेल्या स्कॉलरशिपही २५ लाखांपर्यंत त्यातच मोजतात. मोठ्या कॉन्फरन्समध्ये उरलेल्याचा तीन चतुर्थांश भाग फुटबॉलला देण्याकडे कल आहे. म्हणजे १.३५ कोटी धरले तर १०५ जणांत सरासरी सव्वा लाखाच्या थोडं वर. क्वार्टरबॅक, लेफ्ट टॅकल आणि एज रशर (बचावात कडेने चालून जाणारा) यांना त्याच्या कितीतरी पट द्यावं लागतं, मग शेवटच्या चाळीस पोरांच्या वाट्याला काय उरतं ते तुम्हीच बघा. बाहेरच्या एनआयएल करारांवर (खेळाडूच्या नाव-प्रतिमेच्या वापराच्या) ही मर्यादा नाही, पण ६०० डॉलरच्या वरचा प्रत्येक करार एनआयएल गो या यंत्रणेतून तपासून घ्यावा लागतो. कोचच्या बायआउटला मात्र काहीच मर्यादा नाही.

---

ब्लिट्झ_पिकअप

कोच बघायचा कसा. हा माझा आवडता विषय, त्यामुळे लांबेल.

पहिल्या वर्षी गुणफलकावर जाऊ नका, कारण तो मिळालेल्या रोस्टरने ठरतो. कोचच्या हातात पूर्णपणे असलेल्या गोष्टी बघा.

स्नॅपच्या आधीचा गोंधळ. २०२४ पासून हेल्मेटमधून एका खेळाडूशी बोलता येतं, पण प्ले क्लॉकवर (पुढचा डाव सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की आवाज बंद होतो. ४० च्या घड्याळात २५ सेकंदांत खेळ सांगून झाला पाहिजे. त्यानंतर क्वार्टरबॅक एकटा. ज्या टीमचा कोऑर्डिनेटर उशिरा बोलतो तिचा क्वार्टरबॅक १४ सेकंदांवर बाजूला बघत उभा दिसेल. अशा टीमचे टाइमआउट तिसऱ्या क्वार्टरमध्येच 'डिले ऑफ गेम' (उशिराचा दंड) वाचवण्यात जळतात. टीव्हीवर प्ले क्लॉक दिसतं, नुसतं तेवढंच दोन सामने पाहा. सप्टेंबरात हे होणं समजू शकतो, नोव्हेंबरात होत असेल तर माणूस शिकत नाहीये.

तिसऱ्या डाउनला (१० यार्डांसाठीच्या तिसऱ्या प्रयत्नाला) ओ-लाइन. ब्लिट्झ (बचावाचे जादा खेळाडू चालून येणं) आल्यावर मोकळा माणूस आला का? आला तर कुठून? बाहेरून आला तर हिशोब चुकला असेल किंवा क्वार्टरबॅकने चेंडू लवकर सोडायचा होता. मधून, ए गॅपमधून (सेंटर आणि गार्डमधल्या जागेतून), कोणीही न अडवता आला तर सेंटरने (फळीच्या मधल्या खेळाडूने) संरक्षणाची हाक चुकीची दिली. हे दर सामन्यात होत असेल तर ओ-लाइन कोच बदलायची वेळ आलीय. लोक मात्र शिव्या क्वार्टरबॅकला घालतात.

रेडशर्टचा (न खेळवता पोराचं एक वर्ष राखून ठेवण्याचा) वापर. २०१८ पासून पोराला चार सामने खेळवूनही वर्ष वाचवता येतं. चांगला स्टाफ हे चार सामने आधीच आखतो: पहिल्या वर्षाच्या पोरांना एखादा सोपा सामना सुरुवातीला आणि बाकीचे तीन नोव्हेंबरात, जेव्हा दुखापती वाढलेल्या असतात. वाईट स्टाफ सप्टेंबरातल्या एकतर्फी सामन्यांत शेवटच्या सहा-सहा मिनिटांत ते चार उधळून टाकतो.

वसंतातली प्रॅक्टिस. एकूण १५ मिळतात. डिसेंबरात शाळा संपवून जानेवारीत दाखल झालेली पोरं आणि पोर्टलवाले यांना त्या सगळ्या मिळतात. एप्रिलची खिडकी बंद झाल्यामुळे आता वसंतानंतर कोणी पळून जात नाही, म्हणजे मार्चमध्ये दिसेल तोच रोस्टर सप्टेंबरात. यंदाच्या क्लासमधली किती पोरं जानेवारीत आली, हा आकडा क्लासच्या क्रमांकापेक्षा उपयोगी आहे.

स्टाफ. मैदानावर शिकवणाऱ्या सहायकांची १० ची मर्यादा २०२४ मध्ये गेली, पण बाहेर जाऊन रिक्रूट करायला अजून हेड कोच अधिक १० जणांनाच परवानगी. त्या दहांत कोणाला ठेवलंय यावरून कळतं की कोच कुठल्या राज्यात पोरं शोधणार आहे. ओहायो-पेनसिल्व्हेनियाच्या शाळांशी ओळख असलेला माणूस काढून त्या जागी जुना दोस्त आणला असेल तर ते पुढच्या जूनमध्ये भोवतं.

आणखी एक: मोठ्या नावाला भुलू नका. एनएफएल गाजवलेल्या कोच बिल बेलिचिकना नॉर्थ कॅरोलायनाने आणलं, सोबत जनरल मॅनेजर म्हणून माइक लोम्बार्डी. पहिल्या वर्षी ४-८. एनएफएलमध्ये ५३ जण आणि दिवसभर बैठका. इथे हंगामात आठवड्याला २० तास, त्यातही एक दिवस सुट्टी. शिकवायचं कमी आणि सोपं करायचं, ही वेगळी कला आहे.

---

पोर्टलपुराण

ब्लिट्झरावांचं सगळं मान्य, फक्त पैशाच्या बाबतीत एक भर. "पोर्टलवर पैसा फेकून होत नाही" हेही पूर्ण खरं नाही. टेक्सस टेकने २०२५ साठी डी-लाइनच विकत घेतली म्हणा ना: स्टॅनफर्डचा डेव्हिड बेली, यूसीएफचा ली हंटर, जॉर्जिया टेकचा रोमेलो हाइट. बिग ट्वेल्व्ह जिंकलं, अंतिम सामन्यात बीवाययूला ३४-७. मग प्लेऑफमध्ये ओरेगनसमोर २३-०, एकही गुण नाही. डिफेन्स विकत मिळाला, समोरच्या तगड्या फळीविरुद्ध चालणारा ऑफेन्स नाही मिळाला. पैशाने एक बाजू लवकर दुरुस्त होते. दोन्ही बाजू एकाच जानेवारीत होत नाहीत.

दुसऱ्या टोकाला क्लेमसन. २०२४ साठी पोर्टलमधून एकही घेतला नाही. तत्त्व म्हणून ठीक आहे, पण गेलेल्यांच्या जागा भरायलाच नकार देण्यात कसलं तत्त्व?

---

चौथा_डाउन

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न, अगदी रोकडा. आमच्याकडे गेल्या दोन क्लासमधली ओ-लाइनची मिळून चारच पोरं उरलीत आणि यंदा सही फक्त दोघांची. कोचने काय करायला हवं?

---

लाइनमन७७

सगळ्यात आधी सेंटर. टॅकल नव्हे. नवा क्वार्टरबॅक आणि नवी यंत्रणा असताना समोरची फळी ओळखून हाक देणारा माणूस अनुभवी हवा, आणि सेंटर पोर्टलमध्ये टॅकलपेक्षा स्वस्तही पडतो. ओहायो स्टेटने २०२४ ला अलाबामाहून सेथ मॅकलॉक्लिन आणला. इंडियानाने २०२५ ला नोट्र डेमहून पॅट कूगन. दोन्ही विजेत्या टीम.

मग एक टॅकल, दोन वर्षं बाकी असलेला. एकाच वर्षाचा घेतला तर पुढच्या जानेवारीत हाच प्रश्न घेऊन याल. त्यानंतर एक गार्ड, जो गरज पडली तर उजवा टॅकल खेळू शकेल. पोर्टलमधून तीन झाले, इथे थांबायचं. पाचही जण बाहेरचे आणले तर ते १५ प्रॅक्टिसमध्ये एकमेकांच्या सवयी शिकत नाहीत, आणि जी चार पोरं उरलीत तीही निघून जातील.

पुढच्या क्लासमध्ये हायस्कूलची पाच, त्यातली निदान तीन टॅकल म्हणून खेळलेली. टॅकलला आत सरकवून गार्ड करता येतो, उलटं सहसा होत नाही. त्यातल्या दोघांना तरी डिसेंबरात शाळा संपवून जानेवारीत येण्यासाठी पटवायचं.

ही राखीव पोरं कशाला, असं पोर्टलवाले विचारतात. ओहायो स्टेटचंच पुढचं ऐका. त्या २०२४ च्या हंगामात लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स गुडघ्याने गेला आणि नोव्हेंबरात मॅकलॉक्लिनही टाचेच्या शिरेने. डोनोव्हन जॅक्सन गार्डवरून लेफ्ट टॅकलला सरकला, सेंटरला कार्सन हिन्झमन आला. दोघंही हायस्कूलमधून थेट घेतलेले, आधीच्या क्लासमधले. त्या बदललेल्या लाइनमागेच क्वार्टरबॅक विल हॉवर्डने नोट्र डेमविरुद्ध ३४-२३ ने अंतिम सामना काढला. नोव्हेंबरात पोर्टल बंद असतं.

तुमच्या चौघांपैकी कोणाच्या हाताची लांबी माहीत असेल तर इथे टाका, कोण कुठे बसेल ते बघू.